किल्ला, पहारेकरी आणि क्लास: गेम बनवत ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग कसं शिकायचं

डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला बहुतेकांची ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगशी ओळख सी प्लस प्लसमधून होते. एन्कॅप्सुलेशन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम, ॲब्स्ट्रॅक्शन या चार व्याख्या पाठ होतात, प्राणी-कुत्रा-मांजर हे उदाहरण वहीत उतरतं, मार्कही मिळतात. मग स्वतःचा गेम बनवायला बसलं की पहिलाच प्रश्न अडतो: नेमका कशाकशाचा क्लास करायचा? व्याख्यांमध्ये याचं उत्तर सापडत नाही.

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. माझं मत ठाम आहे. कोणती माहिती कोणाच्या मालकीची आणि ती बदलायचा हक्क कोणाला, हे ठरवणं म्हणजे क्लास लिहिणं. बाकीच्या कल्पना या एका निर्णयाच्या मागून येतात. म्हणूनच पुस्तकात दुसऱ्या धड्यात भेटणारं इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासनं दुसऱ्याचे गुण वारशानं घेणं, इथे सहाव्या पायरीवर आहे.

गेमसाठी हे तंत्र सोयीचं का पडतं, याला इतिहासही आहे. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नायगार्ड या दोघांनी १९६० च्या दशकात ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये सिम्युला ही भाषा बनवली. क्लास, ऑब्जेक्ट आणि इनहेरिटन्स सिम्युला ६७ मध्ये एकत्र आले. या कामासाठी दोघांना २००१ चं ट्युरिंग पारितोषिक, संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान, मिळालं. भाषेच्या नावातच सिम्युलेशन आहे: एकाच वेळी आपापल्या परीनं वागणाऱ्या अनेक गोष्टींची नक्कल संगणकावर करायची, हा तिचा हेतू. गेममध्ये आपण तेच करतो.

आपण बनवणार आहोत तो गेम एका पडद्याचा. वरून दिसणारा किल्ला, एक मावळा, गस्त घालणारे तीन पहारेकरी, एक किल्ली, एक दरवाजा, फोडता येणारी दोन पिंपं. किल्ली घेऊन दरवाज्यातून निसटलं की जिंकलं. यापेक्षा मोठा आराखडा पहिल्या खेपेला घेऊ नका.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. ८ जीबी रॅम असेल तर उत्तम. ४ जीबीच्या जुन्या मशीनवरही टूडी काम होतं, फक्त नवीन प्रोजेक्ट करताना रेंडरर (चित्र पडद्यावर काढणारा भाग) म्हणून 'कंपॅटिबिलिटी' निवडा.
- गोडॉट इंजिन (गेम बनवण्याचं सॉफ्टवेअर), आवृत्ती ४ किंवा त्यापुढची. फुकट आहे, एमआयटी लायसन्सखाली आहे आणि इन्स्टॉल करावं लागत नाही. झिप उघडा आणि चालवा. गेम बाहेर काढण्यासाठी लागणारी एक्स्पोर्ट टेम्प्लेट्स मात्र जवळपास १ जीबीची असतात. ती वायफाय असेल तेव्हा उतरवून ठेवा.
- गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. प्रोजेक्टमध्ये गोडॉट स्वतःसाठी टिंबानं सुरू होणारं एक 'गोडॉट' फोल्डर करतं, ते गिटमध्ये टाकायचं नाही.
- चित्रं. केनी या नावानं नेदरलँड्समधून प्रसिद्ध होणारे चित्रसंच सीसी-झिरो लायसन्सखाली मिळतात. पैसेही नाहीत आणि श्रेय देण्याचं बंधनही नाही. चित्रं स्वतः काढण्याचा मोह या प्रोजेक्टपुरता आवरा.
- कागद-पेन. चौथ्या पायरीला लागेल.

प्रोग्रामिंग किती यायला हवं? व्हेरिएबल, इफ, लूप, फंक्शन आणि ॲरे. एवढं कोणत्याही भाषेत येत असेल तर पुरे.

१. इंजिन निवडा आणि तो विषय बंद करा

शिकणाऱ्यांचा सर्वांत जास्त वेळ इथे जातो. युनिटीत सी शार्प, अनरिअलमध्ये सी प्लस प्लस आणि ब्लूप्रिंट, गोडॉटमध्ये जीडीस्क्रिप्ट किंवा सी शार्प. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मध्ये आलेला 'राजी' अनरिअलवर बनला. नोकरीच्या जाहिराती पाहिल्या तर मोबाइल गेमच्या कंपन्या बहुधा युनिटी मागतात. म्हणजे प्रत्येकाला आपलं ठिकाण आहे.

शिकण्यासाठी मी गोडॉट आणि जीडीस्क्रिप्ट सुचवतो. भाषा पायथॉनच्या वळणाची आहे, आणि तिच्यात प्रत्येक स्क्रिप्ट फाइल हाच एक क्लास असतो, त्यामुळे क्लासची सवय आपोआप लागते. गोडॉट ४ मध्ये सी शार्प घेतलं तर गेम ब्राउझरसाठी एक्स्पोर्ट होत नाही, हेही लक्षात ठेवा. इथे शिकलेल्या कल्पना पुढे युनिटीत जशाच्या तशा कामाला येतात.

२. आधी एकाच फाइलमध्ये सगळं लिहा

ही पायरी बरेच जण गाळतात. गाळू नका.

एकच नोड (गोडॉटमध्ये गेम ज्यांचा बनतो तो घटक), एकच स्क्रिप्ट. चित्रं नकोत, रंगीत चौकोन चालतील. पहारेकऱ्यांसाठी तीन ॲरे करा: एकात जागा, दुसऱ्यात चालण्याची दिशा, तिसऱ्यात उरलेलं आयुष्य. लूप फिरवून तिघांना चालवा. हे तासाभरात होतं आणि छान चालतं.

आता दोन नंबरचा पहारेकरी मारा. जागेच्या ॲरेतून त्याची नोंद काढली आणि आयुष्याच्या ॲरेतून काढायची राहिली, तर तिसऱ्या पहारेकऱ्याला मेलेल्याचं आयुष्य चिकटतं. तिन्हींतून काढली पण लूप चालू असतानाच काढली, तर एक जण त्या फेरीत हललाच नाही असं होतं. मग चौथा ॲरे जोडा, वेगाचा. आता प्रत्येक बदल चार ठिकाणी करावा लागतो.

एकाच पहारेकऱ्याची माहिती चार ठिकाणी विखुरली आहे आणि ती एकत्र राहील याची जबाबदारी कोणाचीच नाही. क्लास कशासाठी असतो ते हा गोंधळ स्वतःच्या हातांनी केल्यावर कळतं.

याच पायरीवर वेळेचं गणितही समजून घ्या. 'दर फ्रेमला ५ पिक्सेल पुढे' असं लिहिलं तर सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या पडद्यावर वेग ३०० पिक्सेल होतो आणि १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर तोच ७२० होतो. मित्राच्या मशीनवर पहारेकरी पिसाळल्यासारखे धावू लागतात. म्हणून वेग नेहमी 'सेकंदाला किती' असा लिहा आणि गोडॉट प्रत्येक फ्रेमला जो डेल्टा (मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, सेकंदांत) देतं त्यानं गुणा.

३. पहिला क्लास: पहारेकरी

नवीन सीन, म्हणजे एकत्र जोडलेल्या नोडचा संच, करा. मुळाशी कॅरेक्टरबॉडीटूडी, त्याखाली चित्रासाठी स्प्राइटटूडी आणि टक्करीसाठी कोलिजनशेपटूडी. मुळावर स्क्रिप्ट लावा. दिशा, वेग, आयुष्य हे सगळं आता या स्क्रिप्टचे व्हेरिएबल. सीन सेव्ह करा आणि किल्ल्याच्या सीनमध्ये तीनदा ओढून टाका.

फाइल एक, पहारेकरी तीन. फाइल हा क्लास, किल्ल्यात उभे असलेले तिघं ऑब्जेक्ट. वेगाच्या व्हेरिएबलआधी 'एक्स्पोर्ट' लिहिलंत की तो आकडा उजवीकडच्या इन्स्पेक्टरमध्ये दिसतो. एकाला ६० द्या, दुसऱ्याला ९०. वागणूक सारखी आणि माहिती ज्याची त्याची, हे डोळ्यांसमोर दिसेल.

एक बारकावा. कॅरेक्टरबॉडीचं 'मूव्ह अँड स्लाइड' हे फंक्शन डेल्टाचा हिशोब स्वतःच करतं. तिथे व्हेलॉसिटीला पुन्हा डेल्टानं गुणलं की पहारेकरी जागचा हललाय की नाही तेही कळत नाही. दुसऱ्या पायरीवर चौकोन हातानं सरकवत होतो म्हणून गुणायचं होतं, इथे नाही.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मावळ्यानं तलवार मारली की पहारेकऱ्याचं आयुष्य कमी व्हायला हवं. सोपा रस्ता दिसतो: मावळ्याच्या स्क्रिप्टमधूनच पहारेकऱ्याच्या आयुष्यातून १० वजा करायचे. कोड चालतो. मग बाण येतो, तोही १० वजा करतो. मग पेटलेलं पिंप. मग तुम्हाला वाटतं पहारेकऱ्याला ढाल द्यावी, ढाल असेल तर निम्मीच इजा व्हावी. आता तलवार, बाण आणि पिंप, तिन्हीकडे ढालीची चौकशी लिहायला हवी, आणि एक जागा हमखास राहून जाते.

त्याऐवजी पहारेकऱ्यालाच एक फंक्शन द्या: 'इजा घे', सोबत आकडा. बाहेरच्यांनी फक्त ते बोलवायचं. ढाल आहे का, आयुष्य शून्याखाली जातंय का, मरायचं का, हे तो स्वतः पाहील. उद्या आयुष्य उणे ३ झालेलं दिसलं तर ब्रेकपॉइंट (कोड तिथे थांबवून पाहायची खूण) लावायची जागा एकच. एन्कॅप्सुलेशन ते हेच. जीडीस्क्रिप्टमध्ये 'प्रायव्हेट' हा शब्द नाही. ज्या व्हेरिएबलला बाहेरून हात लावायचा नाही त्याच्या नावाआधी अंडरस्कोर देण्याची रीत आहे. भाषा अडवत नाही, शिस्त तुमची तुम्हाला पाळावी लागते.

४. आयुष्य वेगळं काढा

आता पिंपंही फुटायला हवीत आणि दरवाजाही तोडता यायला हवा. दोघांनाही आयुष्य लागतं, 'इजा घे' लागतं. मनात लगेच येतं की 'इजा होऊ शकणारी वस्तू' असा एक मूळ क्लास करावा आणि सगळ्यांनी त्याचा वारसा घ्यावा.

कागद घ्या आणि वंशावळ काढून पाहा. पहारेकरी चालतो, म्हणून तो कॅरेक्टरबॉडीटूडीचा वारस असायला हवा. दरवाजा हलत नाही, तो स्टॅटिकबॉडीटूडीचा. जीडीस्क्रिप्टमध्ये एका क्लासला एकच पालक मिळतो. मग 'इजा होऊ शकणारी वस्तू' या वंशावळीत बसवणार कुठे? दोघांच्या वर जागा नाही, कारण तिथे इंजिनचे क्लास बसलेत. इथे अडलेले बरेच जण तोच कोड दोन्हीकडे चिकटवून पुढे जातात.

वाट दुसरी आहे. 'आयुष्य' नावाचा एक साधा नोड करा. त्यात कमाल आयुष्य, सध्याचं आयुष्य आणि 'इजा घे' हे फंक्शन. ढालीचा हिशोबही इथेच येऊ द्या. हा नोड पहारेकऱ्याखाली जोडा, पिंपाखाली जोडा, दरवाज्याखाली जोडा. पहारेकऱ्यापाशी आयुष्य *आहे*, तो आयुष्याचा प्रकार नाही. या पद्धतीला कॉम्पोझिशन म्हणतात आणि गेममध्ये इनहेरिटन्सपेक्षा तीच कितीतरी जास्त वेळा लागते. युनिटीची रचना तर यावरच उभी आहे: रिकामा गेमऑब्जेक्ट घ्यायचा आणि त्यावर कॉम्पोनंट चढवत जायचे.

मावळ्यालाही हाच नोड लावा. एकही नवी ओळ न लिहिता त्याला आयुष्य मिळेल.

५. खाली हाक, वर सिग्नल

पहारेकरी मेला की तीन गोष्टी व्हायला हव्यात: आवाज, पडद्यावरचा आकडा बदलणं, आणि तिघंही मेले असतील तर दरवाजा उघडणं. पहारेकऱ्याच्या स्क्रिप्टमध्ये 'पालकाच्या पालकाकडे जा, तिथला आकडा शोध' असं लिहिलं तर आज चालतं. उद्या सीनची मांडणी बदलली की नल (तिथे काहीच न सापडणं) आल्याचा एरर येतो, आणि तोही पहारेकरी मेल्यावरच.

गोडॉट वापरणाऱ्यांमध्ये एक नियम रूढ आहे: आपल्या खालच्या नोडला थेट हाक मारा, वरच्याला सिग्नल द्या. आयुष्य संपलं की 'आयुष्य' नोडनं 'मेला' असा सिग्नल सोडायचा. तो कोण ऐकतंय याची त्यानं काळजी करायची नाही. ऐकायचं काम किल्ल्याच्या सीनचं, आणि कोणाचा सिग्नल कोणाला जोडायचा हेही तिथेच ठरतं.

तपासायची पद्धत फार सोपी आहे. पहारेकऱ्याचा सीन उघडा आणि एफ६ दाबा. एफ५नं पूर्ण गेम चालतो, एफ६नं फक्त समोरचा सीन. पहारेकरी एकटाच रिकाम्या पडद्यावर न कोसळता चालला तर रचना ठीक. कोसळला तर त्याला बाहेरच्या जगाची नको तितकी माहिती आहे. मी प्रत्येक नवीन सीनला ही चाचणी लावतो.

६. आता इनहेरिटन्स

तिरंदाज पहारेकरी हवा आहे. गस्त तशीच, पाठलाग तसाच, फक्त हल्ला वेगळा. इथे इनहेरिटन्स शोभतं, कारण तिरंदाज खरोखरच पहारेकऱ्याचा एक प्रकार आहे आणि त्याचं बहुतेक वागणं तेच आहे. पहारेकऱ्याचा सीन 'इनहेरिट' करा, स्क्रिप्ट 'एक्स्टेंड' करा आणि फक्त 'हल्ला कर' हे फंक्शन नव्यानं लिहा.

गोडॉट ४ मधला सापळा असा: तिरंदाजात 'रेडी' हे फंक्शन लिहिलंत तर पहारेकऱ्यातलं 'रेडी' आपोआप चालत नाही. पहिल्या ओळीत 'सुपर' लिहून ते बोलवावं लागतं. गोडॉट ३ मध्ये ते आपोआप चालायचं, त्यामुळे जुने व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांचा तिरंदाज गस्त घालायचंच विसरतो आणि एररही येत नाही.

किती खोल जायचं? तुमचा पहारेकरी आधीच कॅरेक्टरबॉडीटूडी, फिजिक्सबॉडीटूडी, कोलिजनऑब्जेक्टटूडी, नोडटूडी, कॅनव्हासआयटम, नोड आणि ऑब्जेक्ट अशा सात पिढ्यांचा वारस आहे. त्यावर स्वतःच्या दोन पिढ्या पुष्कळ झाल्या. तिसरीची गरज वाटली तर चौथी पायरी पुन्हा वाचा.

७. एकच बटण, अनेक उत्तरं

'ई' दाबलं की जवळच्या वस्तूशी काहीतरी व्हावं: किल्ली उचलली जावी, दरवाजा उघडावा, पेटीतून सोनं मिळावं. मावळ्याच्या स्क्रिप्टमध्ये 'किल्ली असेल तर हे, दरवाजा असेल तर ते' अशी इफची रांग लावू नका. प्रत्येक वस्तूला 'वापर' या एकाच नावाचं फंक्शन द्या. मावळ्यानं समोरच्याला 'वापर' म्हणायचं, काय करायचं ते वस्तूला माहीत. पॉलिमॉर्फिझमचं काम एवढंच. उद्या विहीर जोडलीत तर मावळ्याची फाइल उघडावीही लागणार नाही.

हाक मारण्याआधी समोरच्याकडे ते फंक्शन आहे का, हे 'हॅज मेथड'नं तपासता येतं. तिथे नाव मजकूर म्हणून लिहावं लागतं. स्पेलिंग चुकलं तर एरर न येता नुसतं काहीच होत नाही. दरवाजा मुका झाला की आधी स्पेलिंग पाहा.

हमखास अडवणारे सापळे

*सगळे एकदम जखमी होतात.* पहारेकऱ्याची आकडेवारी गोडॉटच्या 'रिसोर्स'मध्ये (अनेकांना वाटून वापरता येणाऱ्या माहितीच्या फाइलमध्ये) ठेवलीत आणि सध्याचं आयुष्यही त्यातच ठेवलंत, तर एकाला मारल्यावर तिघांचंही आयुष्य उतरतं, कारण तिघं एकच रिसोर्स वाटून घेत असतात. न बदलणारी माहिती (कमाल आयुष्य, वेग, चित्र) रिसोर्समध्ये ठेवा; खेळताना बदलणारी ज्याच्या त्याच्या नोडमध्ये. पायथॉनमध्ये क्लासच्या पातळीवर रिकामी लिस्ट लिहिली की सगळे ऑब्जेक्ट तीच वापरतात. दुखणं तेच.

*मेलेल्याला हाक.* तिरंदाजानं लक्ष्य म्हणून धरून ठेवलेला ऑब्जेक्ट 'क्यू फ्री' होऊन, म्हणजे मेमरीतून काढला जाऊन, गेलेला असतो आणि गेम बंद पडतो. वापरण्याआधी 'इज इन्स्टन्स व्हॅलिड'नं तपासा, किंवा 'मेला' सिग्नल ऐकून लक्ष्य सोडून द्या. दुसरा उपाय जास्त चांगला.

*जुने व्हिडिओ.* गोडॉट ४.० मार्च २०२३ मध्ये आलं आणि बरीच नावं बदलली. व्हिडिओत कायनेमॅटिकबॉडीटूडी, 'यील्ड' किंवा 'इन्स्टन्स' दिसलं तर तो तिसऱ्या आवृत्तीचा आहे. आता ती कॅरेक्टरबॉडीटूडी, 'अवेट' आणि 'इन्स्टॅन्शिएट' झाली आहेत.

*ऑटोलोडचं गोदाम.* कुठूनही हात घालता येतो म्हणून सगळं ऑटोलोडमध्ये, म्हणजे गेमसोबत आपोआप सुरू होणाऱ्या एका ग्लोबल स्क्रिप्टमध्ये, कोंबलं की आपण दुसऱ्या पायरीवर परत आलो. तिथे ठेवावं ते संपूर्ण गेमचंच असेल तेवढं: आवाजाची पातळी, निवडलेली भाषा.

८. मराठी अक्षरं आणि गेम बाहेर काढणं

गेममधला मजकूर मराठीत हवा असेल तर गोडॉट ४ च घ्या. तिसऱ्या आवृत्तीत वेलांट्या सरकायच्या आणि जोडाक्षरं तुटायची; चौथीत देवनागरी नीट जुळते. मात्र फाँट स्वतः जोडा. नोटो सान्स देवनागरी, मुक्ता, बालू हे तिन्ही मोफत आहेत. फाँट जोडला नाही तर तुमच्या संगणकावर सिस्टिमचा फाँट वेळ मारून नेतो आणि ब्राउझरमध्ये गेम उघडला की अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात.

लोकांना खेळायला देण्याचा सोपा मार्ग म्हणजे वेब एक्स्पोर्ट करून इच डॉट आयओ या गेमच्या वेबसाइटवर टाकणं. मुख्य फाइलचं नाव 'इंडेक्स'च हवं, नाहीतर पान गेम शोधू शकत नाही. सगळ्या फाइल एका झिपमध्ये घाला, चढवा आणि 'ब्राउझरमध्ये खेळण्यासाठी' ही खूण करा. मुख्य फाइल झिपमध्ये सर्वांत वर असू द्या, आत फोल्डर नको.

९. रचना टिकते का, ते पाहा

गेम चालू लागला की तीन गोष्टी जोडा आणि प्रत्येक वेळी किती जुन्या फाइल बदलाव्या लागल्या ते लिहून ठेवा.

पहिली, भुंकून पहारेकऱ्यांना बोलावणारा कुत्रा, ज्याला मारता येत नाही. चौथी पायरी नीट झाली असेल तर 'आयुष्य' नोड न जोडणं एवढंच पुरतं. दुसरी, रात्र: पहारेकऱ्यांना कमी अंतरावरचं दिसावं. हे अंतर प्रत्येक पहारेकऱ्याखाली जोडलेल्या एरियाटूडीत (ठरावीक भागात कोण आलं ते ओळखणाऱ्या नोडमध्ये) ठेवा, म्हणजे किल्ल्यानं प्रत्येकाला 'रात्र झाली' एवढंच सांगायचं.

तिसरी, गेम सेव्ह करणं, आणि ही सर्वांत जास्त शिकवते. जे जे जपून ठेवायचं ते नोड 'सेव्ह' नावाच्या ग्रुपमध्ये टाका आणि प्रत्येकाला आपली माहिती डिक्शनरीत (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांच्या यादीत) देणारं एक फंक्शन लिहा. जागा, आयुष्य, दिशा, ज्याचं त्यानं द्यायचं. किल्ला फक्त गोळा करून फाइलमध्ये लिहितो. उघडताना आधी सीनमधले सगळे पहारेकरी काढून टाका आणि फाइलमध्ये जेवढे आहेत तेवढेच नव्यानं उभे करा. नुसती जागा-आयुष्य भरत बसलात तर मेलेले पहारेकरी दरवाज्यापाशी पुन्हा हजर होतील.